ढोके सरांची वॉर्निंग

मंगरूळपीरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ढोके सरांसमोर कुणाचंही नाव एकदम घेऊन चालत नाही. परवा चहा पिताना मी म्हणालो, "सर, काल गजानन भेटला होता." त्यांची बशी तोंडाशीच थांबली.

"कोन गजानन? पयले सांगतलं काय?"

गजानन माझा साडू, बँकेत आहे, हे सांगेपर्यंत चहा गार झाला आणि गजानन काय म्हणाला ते मीच विसरलो.

मी टायपिंग शिकवतो, सर 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. प्रोग्राममध्ये एखादं फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करून देणारा तुकडा, वापरायचं, तर ते काय घेतं आणि काय परत देतं हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. नाही सांगितलं, तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, वॉर्निंग देतो. आमचा जुना कंपायलर तसा सोशिक. कुरकुरतो आणि प्रोग्राम चालवतो. सर सोशिक नाहीत.

"पन सर, चालून राह्यला ना!" पोरं कळवळतात.

"अंदाजानं रेटून राह्यला तो! त्याले वाटलं पूर्ण आकडा येईन, आन् तुह्यं फंक्शन देते पॉइंटातला. निघालं ना उत्तर भलतंच? पुस सारं!"

वॉर्निंग दिसली की वहीवर सही नाही. पोरांच्या आया येऊन भांडल्या, तरी नाही.

सरांची एकुलती एक लेक पुण्याला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. तिनं कोर्टात लग्न उरकलं होतं, परजातीच्या मुलाशी, आणि रविवारी दोघं यायची होती. मी मनात म्हटलं, आता पोरीची धडगत नाही. सर एवढंच म्हणाले, "जेवले काय तुमी दोघं?"

फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "मले पयले सांगाले पायजे होतं पोरीनं," म्हणाले, आणि चपला घालून थेट आम्ही दोघं राहतो त्या आळीत निघाले.

आमची आळी म्हणजे पाव्हण्याला पाण्याआधी आडनाव विचारणारी. सर एकेका दारात उभे राहिले. "रविवारी पोरगी येऊन राह्यली. संग अनुप हाय, माहा जावई. मले सालभरापासून माहीत हाय. मीच पसंत केला."

सारे चाट पडले. पण बापानंच पसंत केलेल्या जावयाला कोण काय विचारणार?

सगळ्यात शेवटी ते माझ्या दारात आले, तोवर मी घरी पोचलो होतो. माझ्यामागे बायको उभी होती. सर माझ्याकडे पाहून अडखळले. "मले... सालभरापासून..."

"हो ना सर," मी म्हणालो, "तुमी मले तवाच सांगतलं होतं."

"मंग जावईबापूचं पयलं जेवन आमच्याकडं," बायको म्हणाली.