शिवशंकर सल्ला देत नाही

मास्टर कोचच्या परीक्षेत शिवशंकर दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा एकाच रोगानं. त्याला सल्ला दिल्याशिवाय राहवत नसे. या धंद्याचा नियम तसा साधा. समोरच्याला प्रश्न विचारायचे, गप्प बसून ऐकायचं आणि उत्तर त्याचं त्याला सापडू द्यायचं. अशा अर्ध्या तासाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि परीक्षक ते ऐकून निकाल देतात. पहिल्या खेपेला शिवशंकर बाराव्या मिनिटाला घसरला, दुसऱ्या खेपेला चौथ्याच. 'क्लायंटला तोंड उघडायला जागा मिळाली नाही,' असा शेरा आला. तो बायकोनं, रत्नमालानं, मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "अगं बाई, यांना घरी न येताच कळलं की!"

वाळूजच्या कंपनीतली ट्रेनिंग ऑफिसरची बरी नोकरी सोडून तो चार वर्षांपूर्वी कोच झाला होता. गारखेड्यातल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये लोक अजून विचारत, "कोच म्हंजे कंचा खेळ?" माणूस हुशार, कष्टाळू, शिकायची हौस तर विचारू नका. दर सहा महिन्यांनी नवा कोर्स, पहाटे उठून वहीत स्वतःच्या चुका लिहिणं, सगळं चालू. पण सल्ला आपला जिभेवर तयारच बसलेला. दूधवाल्याला तो म्हशीच्या चाऱ्यावर सल्ला देई. धाकटा भाऊ शिवम त्याच्याकडेच राहायचा. शिवमनं कुठल्या कंपनीत लागावं, कुठली गाडी घ्यावी, केस किती कापावेत, हे सगळं दादाच सांगे आणि शिवम मान हलवी.

तिसऱ्या खेपेची मुदत रविवारी संध्याकाळी पाचला संपत होती. ती हुकली की थेट पुढचं वर्ष. रेकॉर्डिंग हवं आणि सोबत क्लायंटच्या सहीचा फॉर्म हवा. नेमका ठरलेला क्लायंट तापानं आडवा झाला. मग शिवशंकरनं घाईघाईनं करमाडच्या बिभीषणला फोन लावला. बिभीषण शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. नात्यातला नव्हे, पण आपल्यातलाच.

"फीबिची काही नाही. तुम्ही नुसते या. बसू, बोलू. नाश्ता इथंच करा."

बिभीषण कडक इस्त्रीचा शर्ट घालून दहाला हजर झाला. रत्नमालानं पोहे दिले, शिवमनं चहा आणला. मग शिवशंकरनं दार लावलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"घरी कोणकोण असतं?"

"आई, वडील, बायको, दोन पोरं. आन धाकटी बहीण, प्रेरणा."

"सध्या मनात सगळ्यात जास्त काळजी कशाची?"

"खरं सांगू का सर, बहिणीच्या लग्नाची."

इथं शिवशंकरच्या डोक्यात सात सल्ले एकदम उभे राहिले. त्यानं मांडीला चिमटा काढला. "ती काळजी मिटली तर तुम्हाला कसं वाटेल?"

"लई मोकळं वाटंल."

"पाच वर्षांनी तुमचं घर कसं दिसावं असं वाटतं?"

असे अठरा प्रश्न झाले. मांडी काळीनिळी पडली, पण सल्ला एकही गेला नाही. शेवटी बिभीषणचे डोळे भरून आले. "सर, इतक्या आपुलकीनं आजवर कुनी इचारलं नाय," तो म्हणाला. शिवशंकरला तर नाचावंसं वाटलं. त्यानं इंग्रजीतला फॉर्म पुढे केला.

बिभीषणनं तो नीट घडी करून खिशात घातला. "वडलांना दाखवल्याबिगर मी कशावर सही करत नाय. वावराच्या कागदात एकदा फसलोय. दुपारपर्यंत आनून देतो."

सव्वाचारला खाली जीप थांबली. रत्नमालानं दार उघडलं तर समोर बिभीषण, मागे गुलाबी फेटा बांधलेले त्याचे वडील मल्हारीआबा आणि त्यांच्या मागे नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेतलेली आई बानाबाई. आबा सोफ्यावर ऐसपैस बसले आणि शिवमकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "पोरगं उंच हाय. आमच्याकडून पक्कं समजा."

शिवम लाजून स्वयंपाकघरात पळाला. गैरसमज स्पष्ट दिसत होता, पण फॉर्म बिभीषणच्या खिशात होता आणि भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. दुखवून चालणार नव्हतं. शिवशंकरनं शक्य तितक्या गोडीनं विचारलं, "आबा, तुम्हाला असं कशावरून वाटलं?"

"कशावरून म्हंजे? रविवारी मुद्दाम बोलावलं. खाऊपिऊ घातलं. चहा खुद्द पोराच्या हातनं दिला. दार लावून इचारलं, घरी कोन हाय, काळजी कशाची हाय, ती मिटली तर कसं वाटंल. सोयरीक करायची नसली तर मानूस असं इचारतंय व्हय?"

शिवशंकर गडबडला. गडबडला की सवयीचंच तोंडात येतं. "मग... यातून पुढं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

"बघा! पुन्हा इचारलं!" आबांनी खूश होऊन मांडीवर थाप मारली. "अहो, दिवाळीनंतर बार उडवून टाकू."

आता मात्र खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. शिवशंकरनं हात जोडले. "आबा, माफ करा. हा माझा धंदा आहे. मी सगळ्यांनाच असं विचारतो. शिवमच्या लग्नाचा विषय माझ्या मनातही नव्हता."

बिभीषणचा चेहरा पडला. बानाबाईनं पुडा मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाली, "आमचं घर पाच सालानं कसं दिसतंय, याच्याशी मग तुम्हाला काय करायचं व्हतं?"

शिवशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"दादा, सगळ्या शेंद्र्याला इचारतोस. मला कधी इचारलंस का?"

शिवम होता. इतकं लांब वाक्य त्यानं दादापुढे पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

बानाबाई एकदम सावरून बसली. "हां, मग आता मीच इचारते. प्रेरणा बी.एस्सी. हाय, करमाडलाच लॅबमधी नोकरी करती. तिनं एकच इचारायला सांगितलंय. पोरगं सोताच्या मनानं काही करतं का, का भाऊ सांगंल तेवढंच?"

शिवशंकरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर अगदी मुद्देसूद होतं. पण रत्नमालानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं तोंड मिटलं. घड्याळात पावणेपाच झाले होते. लवकर आवरलं, गोड बोलून सही घेतली, तर रेकॉर्डिंग अजून पोहोचत होतं. तो हललाही नाही. चार वर्षांत गप्प बसणं त्याला इतकं अवघड कधी गेलं नव्हतं, आणि आज ते मोजायला कुणी परीक्षक नव्हता.

"खरं सांगायचं तर फार काई केलेलं नाय," शिवम हळूहळू बोलू लागला. "दादा सांगायचा, मी हो म्हनायचो. सोपं पडतं ते. पन सहा महिने झाले, शिफ्ट सुटल्यावर मशीनच्या प्रोग्रामिंगचा क्लास लावलाय. दादाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर दादानं त्याच्याहून चांगला क्लास सांगितला असता."

शिवशंकरला खरोखरच त्याहून चांगला क्लास माहीत होता. त्यानं मांडीला चिमटा काढला.

"अरे, पोरगं बोलतंय की!" आबा म्हणाले.

आणि शिवम बोलतच राहिला. क्लासबद्दल, कंपनीबद्दल, केस वाढवायचेत त्याबद्दल. प्रेरणाला आपण स्वतः भेटणार, काय ते दोघं मिळून ठरवणार, तोवर कुणी तारीख काढायची नाही, असंही त्यानं बजावलं. बानाबाईला हे फार पटलं. पुडा सुटला, पेढे वाटले गेले, दुसऱ्यांदा चहा झाला. मग बिभीषणला खिशातला फॉर्म आठवला आणि त्यानं झोकात सही ठोकली.

"अहो!" रत्नमाला ओरडली. "साडेपाच वाजले! तुमची परीक्षा!"

"राहू दे," शिवशंकर म्हणाला, आणि आपल्याला वाईट वाटत नाही याचं त्यालाच नवल वाटलं. शिवम अजून बोलत होता आणि ते ऐकायला मोठं छान वाटत होतं. "पुढच्या वर्षी देऊ."

परीक्षा आपल्यामुळे बुडाली हे कळल्यावर आबा हळहळले. जीपमध्ये चढता चढता त्यांनी शिवशंकरचा हात धरला.

"पुढच्या साली मला बसवा. काय इचारायचं ते इचारा, मी समदं सांगतो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून काळजीनं पुढे म्हणाले, "पन आधीच सांगून ठेवतो, आमच्यात आता लग्नाची पोरगी उरली नाय."