मिशी आणि पाच कलमं

मोघम बोलणाऱ्या माणसाला मी उभ्या उभ्या गार करतो! सावली गावच्या शाळेत एकोणीस वर्षं भूमिती शिकवतोय. 'आधी व्याख्या, मग वाद' हे माझं वाक्य आणि माझी मिशी, दोन्हींना अख्खा तालुका ओळखतो. मिशीला रोज खोबरेल लावतो. पोरं मला नाही, तिला भितात.

गेल्या रविवारी धानोऱ्याकडच्या जंगलात, जुना मित्र मंगरू याच्या गावी गेलो होतो. अंगणात मोहाच्या झाडाखाली वाद पेटला: देव नवस ऐकतो का?

"ऐकते ना!" मंगरू म्हणाला. "कोंबड्यासमोर तांदूळ ठेवाचे. त्यानं टिपले, का देवाचा होकार."

"टिपले म्हणजे काय? नुसती चोच लावली की गिळले? किती दाणे? किती वेळात? असं मोघम विचारल्यावर देव तरी काय निकाल देणार?"

"देवाची परीक्षा नाई घेत, मास्तर!" त्याची बायको नीलाबाई चुलीजवळून ओरडली.

मी ऐकतो थोडाच! वहीचं पान फाडून पाच कलमं लिहिली. कोंबडा पोटभर जेवलेला असावा (ही माझी हुशारी!). पाच मिनिटांच्या आत, तांदळाचा किमान एक दाणा, चोचीने उचलावा आणि गिळावा. तसं झालं तर मी मिशी काढेन! खाली झोकात सही ठोकली.

"अन् नाई गिळला," मंगरू हळूच म्हणाला, "तं मी मानीन, आमचा देव बहिरा हाय."

नीलाबाईने पटकन स्वतःचे कान धरले. मलाही जरा वाईट वाटलं, पण वाद म्हणजे वाद.

कोंबड्याला वाटीभर धान चारलं आणि पळसाच्या पानावर तांदूळ ठेवले. तो एका पायावर उभा राहून चक्क पेंगायला लागला! चोच नीट दिसावी म्हणून मी घड्याळ घेऊन पालथा पडलो, नाक पानाला टेकवून. चार मिनिटं झाली. साडेचार झाली. मंगरूचं तोंड उतरलं.

"संपला वाद!" म्हणत मी जोरात हसलो.

तिथेच घात झाला. माझ्या हसण्याने तांदूळ उडाले आणि एक दाणा तेलकट मिशीत अडकला. कोंबड्याने एक डोळा उघडला. मिशीकडे पाहिलं. आणि टच्च!

गिळलासुद्धा!

"हे चालणार नाही!" मी नाक धरून किंचाळलो. "दाणा पानावर नव्हता!"

मंगरूची मुलगी दिव्या माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने कागद दोनदा वाचला. "सर, दाणा कुठचा, ते लिहूनच नाई. व्याख्येत नाई ते मनानं घुसवाचं नाई, तुमीच शिकवलं होतं ना?"

मंगरूने आपल्याच वस्तऱ्याने मिशी काढली. हसता हसता त्याचा हात इतका हलत होता की ओठ वाचला हेच नशीब!

तोंडाला दुपट्टा बांधून बसने घरी आलो. बायकोने, रीनाने, दुपट्टा ओढला, पाहिलं आणि हात जोडले.

"पावला रे बाबा!"

"कोण?"

"नीलाबाईचा देव. मागच्या खेपेले नवस बोलली होती मी, हे मिशी जाऊ दे म्हून."

"असल्या मोघम नवसाला..."

"मोघम काऊन? दिवाळीच्या आत, बुडापासून, असं सांगतलं होतं. देवाले द्याचा कोंबडाबी ठरवून ठेवला."

येत्या रविवारी तो कोंबडा पोचवायचाय. नवसात तेही नेमकं आहे: मास्तरांनी स्वतः न्यायचा, बसने, तोंडाला दुपट्टा न बांधता.