खरातमामांचा परतावा

खरातमामांनी विमान पाहिलंय ते चिकलठाण्याला विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून. आत कधी गेले नाहीत. तरीही अमेरिकेच्या विमानतळावर उतरल्यावर लांबलचक रांगेत न थांबता बाजूनं झटपट बाहेर पडायची अर्धी मंजुरी त्यांच्याकडे आहे. उरलेली अर्धी तिकडे गेल्यावर, साहेबासमोर मुलाखत दिली की मिळते. आमच्या पुंडलिकनगरात अशी अर्धी मंजुरी असलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. असलाच तरी तो ती दूधवाल्याला दाखवत नसेल.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. निम्मी नोकरी पैठणच्या गाडीवर. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. खासगी क्लासमध्ये गणित शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. घरमालक म्हणून त्यांच्यासारखा भला माणूस नाही, फक्त जिन्यात जरा रेंगाळलात की मागून आरोळी येते, "पुढं सरका, पुढं सरका!" मामी गेल्या त्या दिवशी दारात माणसांची दाटी झाली होती. मामा भिंतीला टेकून रडत होते, आणि रडता रडताच म्हणाले, "दारात नका थांबू, मधी जागा हाय." कुणाला हसायचंही सुचलं नाही.

त्यांचा सगळा जीव सवलतीवर. 'फुकट' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "फुकट निराळं मास्तर, आन् सवलत निराळी. फुकट घेणारा लाचार असतोय. सवलत हक्काची हाय. तुम्ही सोडली की मागच्याचीबी जाती." केस कापायला गेले तरी आधी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पुढे करतात, मग डोकं.

अशा माणसाच्या हातात अमेरिकेचं क्रेडिट कार्ड पडलं. त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप न्यू जर्सीला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आईच्या दिवसकार्याला आला, परत गेला आणि आपल्या कार्डाला जोडलेलं एक कार्ड त्यानं वडिलांच्या नावानं पाठवून दिलं. फोनवर म्हणाला, "पप्पा, काही लागलं तर बिनधास्त वापरा. मला विचारत बसू नका." लोक म्हणाले, पोरगा असावा तर असा. मामाही तसंच म्हणाले. पण त्यातलं दुसरं वाक्य त्यांना लागलं होतं. तेव्हापासून विचारण्यासारखं काही उरलंच नाही, आणि संदीपचा फोन सणावारावर आला.

खरं तर मामींच्या हयातीतच दोघांनी मुंबईला जाऊन दहा वर्षांचा व्हिसा काढून ठेवला होता. मामी आजारी पडल्या, जाणं राहिलं. त्यानंतर मामांनी आडून आडून विषय काढला की संदीप म्हणायचा, "या वर्षी नको पप्पा, घर लहान पडतं. पुढच्या वर्षी बघू." मामा 'व्हय व्हय' म्हणायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मुलानं एकदा 'या' म्हणावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. बाकी हे सगळं नुसतं सोंग.

एका दुपारी ते कार्ड घेऊन वर आले. "ह्याच्यावर काय काय सवलती हायेत, वाचा." मी मोबाइलवर यादी काढली. विमानतळावर फुकट जेवण, भाड्याच्या मोटारीचा विमा, हरवलेल्या सामानाची भरपाई. पुंडलिकनगरात बसून यातलं एकही पदरात पडणारं नव्हतं. शेवटी एक सापडलं. अमेरिकेत 'भरवशाचा प्रवासी' म्हणून सरकारी नोंदणी करता येते. तिच्या अर्जाची फी या कार्डानं भरली, तर कार्डाची बँक ती परत करते.

"म्हंजी आपण भरवशाचे हाय हे ठरवायला पैसे घेत्यात?"

"हो. दहा हजारांच्या वर."

"आन् ते परत देत्यात?"

"बँक देते."

"मग सरकारला भरवसा नाय, बँकेला हाय," मामा म्हणाले. "भरा अर्ज."

जायचाच पत्ता नाही, तर अर्ज कशाला, असं मी म्हणून पाहिलं. "बोलावणं आल्यावर धावपळ नको," म्हणाले. अर्जात एक प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात? मामांनी विचार करून सांगितलं, "पैठण लिहा. तिथंच जास्ती झालं." मी 'कुठेही नाही' लिहिलं. ते त्यांना अपमानास्पद वाटलं आणि चहा अर्धा ठेवून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फी कार्डावरून गेली. इकडची पोलीस चौकशीही लागते, म्हणून एक हवालदार आला. गल्लीतल्या बायका गॅलरीत आल्या. तो खुर्चीत बसला तर मामा सवयीनं म्हणाले, "आत सरकून बसा." हवालदारानं कागद उलटेपालटे केले.

"काका, काय केलंय तुम्ही?"

"काहीच नाय केलं. तेच लिहून घ्या."

साक्षीदार म्हणून माझी सही झाली. मी भरवशाचा आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पण खरी गंमत झाली ती फी भरली त्याच सकाळी. पैसे जाऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच संदीपचा फोन. "पप्पा, हे एवढे डॉलर कशाला गेले? कार्ड हरवलं का?" मामांनी त्याला सवलत समजावून सांगितली. मग अर्जाची गोष्ट, मग माझी, मग गुडघ्याची. वर माझ्या चहाचं आधण आटलं तरी खालून आवाज येतच होता. संदीप शेवटी म्हणाला, पैसे माझ्याच खात्यात परत येतील, मी लक्ष ठेवतो.

महिन्याच्या हिशोबात पैसे आले नाहीत. जोडकार्डावरचा खर्च बँकेच्या यंत्राला कळला नव्हता म्हणे. कार्ड मुळात संदीपचं, म्हणून बँकेशी भांडायचं त्यालाच. तो चिवट आहे, बापावर गेलाय. आठवडाभर भांडायचा आणि आपल्याकडच्या शनिवारी सकाळी वडिलांना अहवाल द्यायचा. मामा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसायचे. अहवाल दोन वाक्यांचा. मग जेवलात का, गोळ्या घेता का, खालचं नळाचं काम झालं का. एका शनिवारी नातीनं इंग्रजीत गाणं म्हणून दाखवलं. मामांना शब्द कळला नाही. त्यांनी ते मला दिवसभर चालीवर ऐकवलं. परवाच्या शनिवारी तर संदीप म्हणाला होता, "तुम्ही आलात की तिला शिकवा मराठी." 'आलात की' म्हणाला, हे मामांनी मला तीनदा सांगितलं.

"बँक फारच हैराण करतेय तुम्हाला," मी म्हणालो.

मामा खुशीत होते. "मास्तर, गाडीत सुटे नसले की आम्ही बाकी तिकिटाच्या मागं लिहून द्यायचो. उतरताना घ्या म्हणायचो. ज्याची बाकी ऱ्हायलीय ना, तो पाशिंजर झोपत नाय. सारखा आपल्याकडं बघतोय. हसतोय, पाणी विचारतोय, पोराबाळांची चौकशी करतोय. एकदा सुटे हातात पडले, की खिडकीकडं तोंड."

पुढच्याच आठवड्यात पैसे आले. फोन नाही, संदीपचा नुसता संदेश आला. बँकेच्या हिशोबाचा फोटो आणि त्याखाली उंचावलेला अंगठा. मी पेढे मागायला खाली गेलो. मामा अंधाऱ्या खोलीत बसले होते. दिवाही लावला नव्हता.

"आलं का सगळं?"

"पूर्ण आलं," ते म्हणाले. "एक पैसा कापला नाय."

शनिवारी त्यांनी सदरा घातला. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी घातला नाही. नंतर अर्ध्या मंजुरीचं पत्र आलं, तेव्हा चार दिवस ते गल्लीभर दाखवून झालं. लोक विचारायचे, मग कधी निघताय? मामा म्हणायचे, "निघायचंच. पोराला जरा सवड होऊ द्या." पाचव्या दिवशी ते पत्र दाखवणं बंद झालं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, तुम्हीच करा ना फोन. तुमचाच मुलगा आहे."

"केला की. उचलला त्यानं. पयलंच विचारलं, पप्पा, काही काम होतं का? मी म्हणलं, नाय, असंच. असंच म्हणल्यावर त्याला काय बोलावं कळंना. मलाबी कळंना. मग म्हणला, मीटिंग हाय, नंतर करतो."

मुलगा वाईट नाही हो. एक पैसा अडकला होता तर बापासाठी परक्या देशातल्या बँकेशी महिनोन्‌महिने भांडला. त्याच्यावर रागवायचं तरी कशावरून? मला तरीही त्याचा राग आला, आणि मामांचा जास्त.

मामांनी खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

"मास्तर, ह्याच्यावर अजून बघा की एखादं. पैसे भरायचे आन् परत यायचे, असंच."

"मामा, आहेत तशी बरीच."

"बरीच नको. एकच. पण परत यायला लई उशीर लागंल असं."

मी मान खाली घालून यादी वाचत राहिलो. मामा जायला उठले. दारात थांबून म्हणाले, "सावकाश बघा. घाई नाय."

मी अजून बघतोय. जे सापडतं त्याच्याखाली बँकेनं मोठ्या कौतुकानं लिहिलेलं असतं, परतावा ताबडतोब.