इंगळे बाईंचा आहेर

इंगळे बाईंनी आयुष्यात कुणाच्याही लग्नात भांडं दिलं नाही. पातळ दिलं नाही, पाकीटही दिलं नाही. लग्न आमच्या अमरावतीच्या राजापेठेतलं असो, अकोल्याचं असो, नाहीतर कुठल्या आडवाटेच्या खेड्यातलं असो, बाईंचा आहेर ठरलेला. एक काळीभोर ग्रामोफोनची तबकडी, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि सोबत नारळ. नवरी भांबावून बघत राहायची. बाई तबकडी तिच्या हातात ठेवायच्या आणि बजावायच्या, "फोडू नको. नाई आवडली त देऊन टाक कोनाले. पन फोडू नको."

आपण दिलेला आहेर दुसऱ्याला देऊन टाक असं तोंडावर सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आहेर फिरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मांडवात उभं राहून ते कुणी बोलून दाखवत नाही.

त्यामुळे झालं असं, की आमच्या अमरावतीत घरोघरी ती तबकडी होती आणि ती कुणीच ऐकलेली नव्हती. ग्रामोफोन होता कुणाकडे? पण आलेली वस्तू वाया घालवणं आमच्या बायकांच्या रक्तात नाही. कुणी ती लोणच्याच्या बरणीवर झाकली, कुणी ताकाच्या माठावर. आमच्या समोरच्या काकूंनी तिच्या भोकातून दोरी ओवून ती शेतावर पाखरं हाकायला पाठवली. माझ्या सासूबाईंकडे दोन आलेल्या. एक बरणीवर आणि दुसरी देवघरात, समईखाली. बाई कुणाच्या घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात डोकावत. तबकडीचं झाकण झालेलं पाहून त्यांना जराही वाईट वाटत नसे. फक्त म्हणत, "ऊन भांडं ठेवत जाऊ नका तिच्यावर. आन् हे बाजू वर ठेवा. या बाजूले इंदीचा बेंजो हाये."

ही इंदी कोण, ते कुणी विचारत नसे. बाईंना काही विचारायची पद्धतच नव्हती. त्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. नऊवारी पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि इतर बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं तिथं शिट्टी. लग्न केलं नव्हतं. भाजीबाजारात गर्दी दिसली की शिट्टी वाजवून बायकांना रांगेत उभं करत आणि बायका मुकाट्यानं उभ्या राहत, कारण त्यातल्या निम्म्या कधीतरी त्यांच्या हाताखाली उन्हात उभ्या राहिलेल्या असत. एकदा आमच्या बोळात एक गाय आडवी उभी होती. बाई तिच्यासमोर गेल्या आणि कडाडल्या, "दहिने मूड!" गाय खरोखर उजवीकडे वळली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी लग्न होऊन राजापेठेत आले ती रडतच. घर मोठं, माणसं अनोळखी, आणि आमचे हे सकाळी कोर्टात गेले की दिवेलागणीपर्यंत परत यायचे नाहीत. चार-दोन दिवसांनी बाई आल्या. सासूबाईंशी बोलता बोलता माझ्याकडे वळून विचारलं, "माहेर कोठचं वं तुहं?"

"धामणगावचं."

"धामनगाव रेल्वेचं?"

"हो."

बाई उठायला निघालेल्या, त्या परत बसल्या. "घर कोठी हाये? दान्याच्या बाजाराकडे का?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की या बाईंचं माझ्या माहेराशी काही नातं असावं असं मला वाटलं.

त्या दिवसापासून बाईंनी मला ताब्यात घेतलं. "सुनबाईले रोज सकायी चालाले नेतो. रंग पाहा कसा पडला पोरीचा," असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. परवानगी मागितली नव्हतीच. सासूबाई राजापेठेत कुणालाच भीत नसत, पण त्या शिट्टीला भीत. अशी मी रोज सकाळी बाईंच्या बरोबरीनं, पाय उचलत, मोकळ्या हवेत चालू लागले. हसायला लागले. खायला लागले. त्या घरात मी पुढे सुखानं नांदले याचं पुण्य निम्मं तरी बाईंच्या पदरात आहे. हे मी त्यांना त्या असताना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बोलू नको, दम लागते."

एकदा मी बरणीवरची तबकडी पुसत होते. बाई समोर चहा घेत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "बाई, हे वाजवते तरी कोन? आन् इंदी कोन?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि सांगितलं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. शाळेत एक मोठा ढोल धूळ खात पडला होता. बाईंनी तो पुसला आणि चार जणी गोळा केल्या. दवाखान्यातली एक नर्स अकॉर्डियन वाजवायची, एक मास्तरीण बाजाची पेटी, एक झांजा. आणि इंदी. बाईंचीच विद्यार्थिनी. ती बेंजो वाजवायची, म्हणजे ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. असा पाच बायकांचा बँड. हळदीकुंकवाला वाजवत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवत. भजन नाही, सिनेमातलं गाणं नाही. कवायतीच्या ठेक्यावर आपल्याच मनानं बांधलेल्या चाली. अकोल्याला कसलंसं प्रदर्शन भरलं होतं, तिथं मुंबईच्या एका कंपनीच्या माणसानं त्यांना ऐकलं आणि बोलावून घेतलं. पाच जणी रेल्वेनं गेल्या, ढोल गार्डच्या डब्यात. दोन बाजू वाजवल्या आणि परत आल्या. तबकडी तयार होऊन यायला काही महिने गेले.

आली, पण खपली नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, कोणत्या सिनेमातलं? सिनेमातलं नाही म्हटलं की परत ठेवायचं. शेवटी कंपनीनं उरलेल्या सगळ्या तबकड्या खोक्यात भरून बाईंच्या दारात आणून टाकल्या. खोकी पलंगाखाली मावेनात, म्हणून बाईंनी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या.

"त्याचं काई नाई," बाई म्हणाल्या. "खपली नाई त नाई खपली. पन तबकडी येईपर्यंत इंदीचं लगन झालतं. तुह्या धामनगावले. आडत्याचं घर. म्या पयली तबकडी घेतली आन् गेली. सासरा गादीवर बसला होता. चहा देल्ला. तबकडी हातात घेतली, उलटी-पालटी केली, आन् कागदात गुंडायून मलेच वापस देल्ली. म्हने, आमच्या घरच्या सुना वाजवत नसतात, बाई. मले असा राग आला! म्या म्हटलं, तुमच्या घराची पायरी पुन्हा चढन त नावाची इंगळे नाई. बाहेर आली त समजलं, का म्या आपल्याच हातानं आपल्याले बाहेर काढलं."

त्यांनी माझ्या हातातली तबकडी आपल्याकडे ओढून घेतली.

"पोरीनं काय वाजवलं व्हतं, सुमे! आन् तिनंच ते आयकलं नाई. आपलं वाजवनं कसं वाजते, हे तिले मालूमच नाई. एवढं एकदा तिच्या कानावर पडलं, का मी मोकयी."

मग मला आहेराचं कोडं उलगडलं. हातानं नेलेली वस्तू सासऱ्यानं परत केली. पण आहेर? मांडवात कुंकू लावून दिलेला आहेर कुणी परत करत नाही. तो घरात येतो, आणि नको असेल तर पुढच्या लग्नात जातो. या घरातून त्या घरात, त्या गावातून या गावात. असा फिरत फिरत एखादा धामणगावच्या त्या घरात शिरेलच, असा बाईंचा हिशेब होता.

"अवो बाई, असं कसं पोचन?" मी म्हटलं.

"पोचन," बाई ठामपणे म्हणाल्या. आणि त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मूर्तिजापूरच्या कुण्या पाहुण्यांनी आहेरात काय आणावं? तीच तबकडी. बाईंनी अकोल्याच्या लग्नात दिलेली. घरचे लोक शरमेनं मेले, पाहुण्यांना तोंड कुठं लपवावं कळेना, आणि बाई सगळ्या मांडवात तबकडी नाचवत फिरल्या, "पाहा, फिरते! फिरते म्हनजे पोचन बी!"

आमच्या बोळातल्या वकीलसाहेबांकडे ग्रामोफोन होता. ते बाईंना कितीदा म्हणाले, या एकदा, तुमची तबकडी लावू. बाई म्हणत, "आज कवायत हाये." रविवारी दुपारी कसली कवायत? वकीलसाहेबांनी आपला निष्कर्ष काढला, की तबकडी भिकार असणार आणि ते बाईंना ठाऊक असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं, मालीचं, लग्न ठरलं. मांडव धामणगावला, आमच्या दारी. बाई माझ्याबरोबर आल्या. रेल्वेत मांडीवर तबकडी, तिच्यावर दोन्ही हात. गावात शिरल्यावर मात्र त्यांची चाल मंदावली. इंदीचं घर आमच्यापासून चार घरं सोडून; सासरी तिचं नाव बदललेलं, म्हणून बाईंनी सांगेपर्यंत इंदी म्हणजे तीच हे मला कळलं नव्हतं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. बाईंनी मालीच्या हातात आहेर ठेवला, नेहमीचं बजावून सांगितलं, आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. लाऊडस्पीकरवाला सकाळपासून सिनेमाची गाणी वाजवत होता. त्याचा भोंगा दारच्या लिंबाच्या झाडावर बांधला होता, तोंड दाण्याच्या बाजाराकडे करून. मी वाढता वाढता सहज वर पाहिलं आणि माझ्या हातातला पळा तसाच राहिला. या भोंग्याला कुणाच्या घराची पायरी चढावी लागत नव्हती.

मी मालीच्या पुढ्यातून तबकडी उचलली आणि लाऊडस्पीकरवाल्याकडे गेले. त्यानं ती उलटसुलट पाहिली. "ताई, कोन्त्या सिनेमातलं?"

"येनाऱ्या सिनेमातलं," मी म्हटलं. "लाव."

आधी खरखर आली. मग ढोल. धाड धाड धाड! पंगतीतली माणसं दचकली. एका म्हाताऱ्याच्या हातातला लाडू पत्रावळीत पडला. ढोलाच्या मागं झांजा, पेटी, कुठंतरी अकॉर्डियन, आणि फार खोलवर, कान देऊन ऐकलं तर, तारांची किणकिण. मी बाईंकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. टाचा जुळलेल्या, हात सरळ, जणू झेंडावंदन चाललं आहे. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई धावत आली. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत हात कणकेचे. मागं ओट्यावरून तिचा म्हातारा सासरा काठी हलवून काहीतरी ओरडत होता, पण भोंग्यापुढं त्याचं कुणाला ऐकू येतंय! ती मांडवाच्या खांबापाशी थांबली. हात खाली सोडलेले होते, पण कणकेनं भरलेली बोटं पातळावर हलत होती, एकेक बटण दाबल्यासारखी.

बाजू संपली. ती बाईंच्या समोर आली. इतक्या वर्षांनी भेटलेल्या या दोघी आता गळ्यात पडतील, म्हणून मी पदर डोळ्यांना लावायच्या तयारीत होते.

"बाई," इंदी म्हणाली, "तुमचा ढोल भल्ला जोरात वाजला. माहा बेंजो पार दबून गेला. एवढ्या वर्षांत तुमाले कोनी सांगतलं नाई?"

"कोन सांगन वं?" बाई म्हणाल्या. "आन् मले तरी काय मालूम? म्या बी आत्ताच आयकला. पयल्यांदा."

"कावून?"

"तुह्या आंधी कशी आयकू?"

इंदीनं कणकेच्या हातांनीच बाईंचे दोन्ही हात धरले. वकीलसाहेबांचा ग्रामोफोन, रविवारची कवायत, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं आणि मला भडभडून आलं. ही बाई इतकी वर्षं आपल्या पलंगाखाली आपलंच वाजवणं ठेवून झोपली होती, आणि एका पोरीच्या आधी ते ऐकायचं नाही म्हणून तिनं ते ऐकलं नव्हतं.

"दुसरी बाजू लावा," इंदी म्हणाली.

बाईंनी शिट्टी वाजवली. "सावधान!" सगळा मांडव गप्प. वाढपी होते तिथं थांबले. वरपक्षाकडचा एक पाहुणा तर खरंच टाचा जुळवून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला ढोल जवळजवळ नव्हताच. नुसता बेंजो, स्वच्छ, भरभर धावणारा, आणि तो गल्लीतून, दाण्याच्या बाजारावरून, पार रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला असेल. ओट्यावरचा सासरासुद्धा काठी टेकून खाली बसला होता. तो ऐकत होता की थकला होता, ते मी सांगू शकत नाही.

"पोया करपल्या असतीन," असं म्हणून इंदी निघाली. तेव्हा आमची माली, मुंडावळ्या बांधलेली नवरी, उठली, लाऊडस्पीकरवाल्याकडून तबकडी घेतली आणि तिच्या हातात दिली. "बाईनंच सांगतलं, देऊन टाक कोनाले. मले भल्ली आवडली, तरी बी हे तू ने. कुंकू लागलेलं हाये. आता कोनी वापस नाई करत." इंदीनं ती पदराखाली घेतली आणि ताठ मानेनं सासऱ्यासमोरून घरात गेली.

परतीच्या गाडीत बाईंची मांडी रिकामी होती. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. बराच वेळ त्या खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत राहिल्या. बडनेरा जवळ आल्यावर माझ्याकडे वळल्या.

"सुमे, खरं सांगजो. ढोल भल्ला जोरात हाये का वं?"

"हो बाई," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली.

"बरं झालं मंग," त्या म्हणाल्या, "लोकायनं झाकनं केली."