आबा अस्वलाची ताठ पाठ

एका जंगलात, जिथे आपल्याला कणा आहे हे अजून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, तिथे एक म्हातारं अस्वल राहत होतं. जंगल त्याला झिपरोबा म्हणे. घरातले आबा म्हणत.

आबांची पाठ दुखायची. गुहेतला दगड गार होता आणि मध्येच त्याला एक उंचवटा होता. तो नेमका कमरेखाली यायचा. तुम्ही म्हणाल, मग जरा बाजूला सरकून झोपावं. पण बाळांनो, आबांचे आबाही तिथेच झोपत. सरकायचं कसं?

सकाळी आबा कण्हतच उठत. "आई गं!" की लगेच मुलगा, जटाळू, धावत येई. "आबा, फार दुखतंय का?" सून रुईची पानं गरम करून शेकायला आणी. आणि संध्याकाळी चारोळी येई.

चारोळी म्हणजे नात. ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना आधी तिचे पाय बाहेर आले, मग डोकं. पाठीत उसण भरली आणि पायाळूचा पाय लागला, की उसण उतरते असं त्या जंगलात मानत. तुमच्याकडे मानतात की नाही ते घरी विचारा.

आबा पालथे पडत. चारोळी भिंतीला धरून पाठीवर चढे आणि मानेपासून कमरेपर्यंत चालत राही. चालता चालता बोले. कुठे मोहोळ लागलंय, माकडाचं पोर काय म्हणालं, आईनं धपाटा का घातला.

"आबा, झोपलात?"

"नाही गं. जरा डावीकडे. हं. मग माकड काय म्हणालं?"

असं चाललं होतं. तेवढ्यात जंगलात कोल्हा परतला. तो चार गावं हिंडून आला होता आणि गाद्या विकायला लागला होता. त्यानं वडाखाली शिबिर लावलं. कण्याची मोफत तपासणी.

मोफत म्हटल्यावर ज्यांना कणा नव्हता तेही आले. गांडुळाला समजावून परत पाठवावं लागलं.

सापाला कोल्ह्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "तुम्हाला लांब गादी लागेल." कासवाची पाठ ठोकून म्हणाला, "फार ताण घेता तुम्ही." वटवाघळाची गादी त्यानं फांदीच्या खालच्या बाजूला बांधून दिली. ती अंगाला लागत नव्हती. पण घरात गादी आहे, याचं वटवाघळाला समाधान होतं.

आबांची पाळी आली. कोल्ह्यानं त्यांच्या कण्यावरून बोट फिरवलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"आबा, कणा म्हणजे वेल. खाली उंचवटा असला की वाकते, खड्डा असला की लोंबते. गादी अशी हवी, की खांदा जरा रुतावा आणि कंबर उचलून धरली जावी. फार मऊ नको, फार कडक नको. खाली काथ्या, वर शेवरीचा कापूस. रक्त नीट फिरतं, झोप लागते, सकाळी माणूस हसत उठतो."

"मी अस्वल आहे रे."

"अस्वलही हसत उठतं."

"आणि आमची पायाळू?"

कोल्हा हसला. "आबा, आता कोण मानतं हे! आणि एक सांगून ठेवतो. गादी घेतल्यावर पाठीवर कोणाला चढू द्यायचं नाही. हमी जाते."

जटाळूनं मधाचं भलंमोठं पोळं देऊन गादी आणली. "आबा, तुमचं कण्हणं ऐकवत नाही हो," तो म्हणाला. मुलगा गुणी होता.

आता तुम्हाला वाटत असेल, कोल्हा आहे म्हणजे फसवणारच. नाही. गादी फार चांगली होती. पहिल्याच सकाळी आबा उठले आणि सवयीनं "आई" म्हणाले. पुढचं "गं" निघेना. दुखतच नव्हतं.

थोड्या दिवसांत आबा ताठ चालू लागले. भूक वाढली. रंग तर असा काळाभोर झाला, की जुनी ओळखीची मंडळी त्यांना जटाळू समजून हाका मारू लागली.

घरच्यांना बरं वाटलं. जटाळू सकाळी थेट मध शोधायला जाऊ लागला. विचारायचं काय? आबा तर ठणठणीत. सुनेनं रुईची पानं तोडणं सोडलं. आणि संध्याकाळी गुहेत आबा आणि गादी, दोघंच.

"चारोळे, ये गं जरा पाठीवर."

"नको आबा. हमी जाईल. बाबा ओरडतील." ती दारातूनच म्हणाली. "आणि तुमचं दुखत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर!" आणि पळाली.

चारोळीचा पुढचा दात पडला, हे आबांना साळिंदराकडून कळलं. परक्याकडून. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी गादी सरकवली आणि जुन्या दगडावर आडवे झाले. उंचवटा बरोबर कमरेखाली घेतला. चांगली कळ यावी म्हणून दोनदा आपटूनही पाहिलं. पण पाठ आता इतकी धडधाकट झाली होती, की त्यांना तिथेच गाढ झोप लागली.

आबा उठले तेव्हा बाहेर घरच्यांची चाहूल लागली होती. मग त्यांनी गादी जागेवर ओढली, तिच्यावर नीट आडवे झाले, डोळे मिटले आणि कण्हले.

"आई गं!"

जटाळू धावत आला. सून पानं आणायला पळाली. "गादी असून दुखतंय? बोलवा त्या कोल्ह्याला!" जटाळू ओरडला.

कोल्हा आला. मागोमाग अर्धं जंगल आलं. ज्यांनी गादी घेतली होती ते, आणि ज्यांना घ्यायची होती ते. रानडुकरीण मावशी तर बदल्यात द्यायचे कंद बरोबरच घेऊन आली होती.

कोल्ह्यानं गादी दाबून पाहिली. उत्तम. मग आबांच्या पाठीकडे हात नेला. बोट अजून टेकलंही नव्हतं, तोच आबा कण्हले.

कोल्हा त्यांच्या कानाशी वाकला. "आबा, तुम्हाला काही झालेलं नाही."

"माहीत आहे रे बाबा."

"मग?"

गुहेच्या तोंडाशी चारोळी उभी होती. मूठ तोंडात कोंबून, रडू आवरत. आबा तिच्याकडे बघत राहिले. कोल्ह्यानंही तिकडे पाहिलं.

आता हा काय बोलणार? खरं बोलला तर नातीसमोर म्हातारा खोटा. म्हाताऱ्याची बाजू घेतली तर गादी खोटी. बाहेर मावशीनं कंद हळूच पाठीमागे लपवलेही होते.

कोल्हा उभा राहिला आणि घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, "गादी नीट आहे. कणाही नीट आहे. पण ही उसण आहे. उसण हमीत येत नाही."

"मग उपाय?" जटाळूनं घाबरून विचारलं.

कोल्ह्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कान खाजवला.

"घरात पायाळू कोण आहे?"

"मी!" चारोळी ओरडली.

"रोज संध्याकाळी," कोल्हा म्हणाला. "आणि मध्ये खंड पडता कामा नये. ही उसण चिवट असते."

मावशीनं कंद पुन्हा पुढे आणले. गर्दी पांगली. चारोळी भिंतीला धरून वर चढली. पाय थंडगार होते आणि ती पूर्वीपेक्षा वजनदार झाली होती.

"आबा, खूप साठलंय सांगायचं."

"मग सावकाश चाल," आबा म्हणाले.

तात्पर्य: बाळांनो, झोपायला चांगला आधार देणारी गादी घ्यावी, कणा ताठ राहतो. आणि खोटं कधीही बोलू नये. नुसतं कण्हावं.