टेंभी नाक्यावरील निःशस्त्रीकरण

हायड्रोजन बाँबपासून मानवजातीला वाचवण्याचा मार्ग मला सन १९५६ च्या मार्च महिन्यात सापडला. तो चौऱ्याऐंशी पृष्ठांचा होता. या विषयावर ज्यांनी ज्यांनी लिहिले होते त्या सर्वांचे मी वाचले होते, आणि त्यांतील एकालाही विषय कळलेला नाही हे सप्रमाण सिद्ध करण्यात माझी पहिली एकतीस पृष्ठे गेली. उपाय उरलेल्या त्रेपन्नांत होता.

उपाय सोपा होता. बाँब करू नका म्हणून सांगितल्याने कोणी थांबत नाही. तेव्हा प्रत्येक राष्ट्राने आपला साठा प्रथम स्वतः लिहून जाहीर करावा, मग निरीक्षकांनी पूर्वसूचना न देता येऊन तो मोजावा. कोणतेही दार त्यांना बंद नसावे, आणि जो खोटे लिहील त्याचे प्रतिनिधित्व त्याच क्षणी संपावे. अशी एकूण सोळा कलमे मी बांधली. त्यांतून मुंगीही निसटू नये याची मी दक्षता घेतली होती. मुंगी निसटली नाही, हे पुढे येईलच.

दिल्लीतील एका संस्थेने अणुयुगातील जागतिक सुरक्षिततेवर परिषद बोलावली होती. निबंध मागवले होते. मात्र ते व्यक्तीचे नकोत, संस्थेने ठराव करून पाठवलेले हवेत, आणि निवडलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी परिषदेत बोलेल, अशी अट होती. मी ज्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो तेथील प्राचार्यांचे मत पडले की जगाचा नाश अभ्यासक्रमात नाही. राहता राहिले आमच्या ठाण्यातील टेंभी नाक्याचे सुबोध वाचनालय. तेथे मी एकोणीस वर्षे सभासद होतो. मला दिल्लीला जायचे होते. ज्यांची मते मी एकतीस पृष्ठांत उडवली होती त्यांपैकी तिघे तेथे येणार होते, आणि मला त्यांचे चेहरे पाहायचे होते. मानवजातीचे कल्याण त्याच्या पाठोपाठ होतेच.

वाचनालयाचे कार्यकारी मंडळ तिघांचे. अध्यक्ष अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना कोणताही कागद पुढे पाठवून देण्याची सवय होती, म्हणून त्यांच्यापासून धोका नव्हता. दुसरे बाळकुमचे दौलत भोईर, भाताच्या गिरणीचे मालक. वाचनालयाची कौले त्यांनी दिली होती, त्यामुळे त्यांना वाचावे लागत नसे. तिसऱ्या ग्रंथपाल सुमतीबाई. त्या फारसे बोलत नसत.

माझी पत्नी प्रमोदिनी हिने निबंधाच्या तीन सुवाच्य प्रती काढल्या आणि त्या तिघांकडे पोचवल्या. अण्णांनी आपली प्रत उशाशी ठेवली. दौलतरावांनी गिरणीत ठेवली. सुमतीबाईंनी वाचली. लेखकाच्या आयुष्यात याहून भयंकर गोष्ट क्वचितच घडते.

सभेत दौलतरावांनी पहिला प्रश्न विचारला. "मना येक सांगा, प्रोफेसर. ज्याचे घरान बाँब हाय, तो दार उघडंल कशाला?"

"ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला दार उघडण्याची भीती नसते," मी म्हणालो. हे वाक्य निबंधात तीन ठिकाणी आहे.

"आणि ज्याचे नाय?"

"तो न उघडण्यावरूनच ओळखू येतो."

"हां. आता कललं," असे म्हणून दौलतरावांनी सुपारी काढली.

सुमतीबाईंनी प्रत उघडली. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. इतक्या काळजीने मला कोणी वाचले नव्हते, आणि त्या खुणा पाहून मी हेलावलो, हे मान्य करतो.

"निरीक्षकांनी आगाऊ कळवायचं नाही, असं म्हणता?"

"मुळीच नाही. कळवले की साठा हलतो."

"कोणाकडे आधी जायचं?"

"चिठ्ठ्या टाकून. कलम सात."

"आणि मोठा माणूस असला तर?"

"सुमतीबाई, लबाडी नेहमी मोठेच करतात. लहानांना जागा नसते."

त्यांनी तेही टिपून घेतले. मग अण्णांनी दिल्लीचे पत्रक चष्म्याजवळ धरून वाचले. ज्या निबंधातील योजना लहान प्रमाणावर प्रत्यक्ष अजमावून पाहिली असेल त्याला निवडीत अग्रक्रम मिळेल, असे शेवटी लिहिले होते.

"लहान प्रमानावर म्हंजे?" दौलतराव म्हणाले. "आपलेकडं बाँब कुठं हाय?"

"बाँब नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "पण साठा आहे."

गेल्या सहा वर्षांत वाचनालयातून दोनशे बारा पुस्तके गेली होती. देवघेवीच्या नोंदवहीत नव्हती आणि कपाटातही नव्हती. "कोणाच्या तरी घरी आहेत," त्या म्हणाल्या. "प्रोफेसरांची सोळाही कलमं सभासदांना जशीच्या तशी लावू. आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, मग आपण जाऊन बघायचं. प्रयोगही होईल आणि पुस्तकंही येतील."

माझे अंतःकरण भरून आले. अणुशक्तीच्या नियंत्रणाचा जगातील पहिला प्रयोग ठाण्यात होणार होता. सूचना सुमतीबाईंची, अनुमोदन माझे, असे त्या दिवसाच्या इतिवृत्तात लिहिलेले आहे. ते पान मला कोणी दाखवू नये.

आता माझ्याकडेही वाचनालयाची काही पुस्तके होती, हे येथे सांगणे प्राप्त आहे. परंतु त्यांना "गेलेली" म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होईल. ती कामात होती. खिडकीपाशी उभे राहून चिठ्ठीवर पुस्तक मागणे विद्वानाला शोभत नाही, म्हणून मला थेट कपाटापर्यंत जाण्याची मुभा होती, आणि नोंद सवडीने व्हायची होती. सहा वर्षांत सवड झाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर होते ते शेजारच्या चरईतले कादंबऱ्या दाबून बसणारे लोक. त्यांना धडा मिळायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा शिपाई धाकू घोषणापत्र घेऊन आला. मी संख्येच्या रकान्यात "चार" लिहिले.

प्रमोदिनी मागे उभी होती. "चार?"

"चार."

"माळा धरून?"

"माळा हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे."

"पान सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"काय पान सत्तेचाळीस?"

"काही नाही. तीनदा लिहून काढलंय, तोंडात बसलंय." आणि ती आमटीला फोडणी द्यायला गेली.

मी पान सत्तेचाळीस काढून पाहिले. तेथे माझेच वाक्य होते : "आपला साठा शांततामय संशोधनासाठी आहे असे जे राष्ट्र म्हणते, ते प्रथम तपासावे." वाक्य उत्तम होते. मला ते त्या क्षणी आवडले नाही.

चार दिवसांत निरीक्षकांनी अकरा घरे पालथी घातली. मिळाली पाच पुस्तके. एका वकिलांकडे पंचांग सापडले, ते वाचनालयाचे नाही हे सिद्ध करताना त्यांना घाम फुटला. या वेगाने ते माझ्याकडे आठवड्याभरात येतील असे मी गणित केले आणि साठा हलवायचे ठरवले. माझा मेव्हणा सुधीर डोंबिवलीला राहतो. तो सुबोध वाचनालयाचा सभासद नसल्याने सोळाही कलमांच्या अधिकारक्षेत्राबाहेर होता. आंतरराष्ट्रीय राजकारणात याला तटस्थ राष्ट्राचा आश्रय घेणे म्हणतात. सुधीरला मी विचारले नव्हते. तटस्थ राष्ट्रांना विचारण्याचा प्रघात नाही.

बुधवारी दुपारी तीन वाजता मी स्टेशनपर्यंतचा टांगा दाराशी आणवला. चाळीस ग्रंथ दोन गाद्यांत गुंडाळून त्यांच्या दोन वळकट्या केल्या होत्या. पहिली मी आणि टांगेवाला भिवा यांनी मिळून चढवली, तेव्हा टांगा मागे कलला आणि घोड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने माझ्याकडे आजवर फक्त प्राचार्यांनी पाहिले आहे.

"मास्तर, आत मानूस तर नाय ना?" भिवाने विचारले.

"कापूस आहे."

एवढ्यात कोपऱ्यावरून सुमतीबाई, दौलतराव आणि धाकू आले. चिठ्ठी माझी निघाली होती.

"कुठे निघालात, प्रोफेसर?" सुमतीबाईंनी विचारले.

"डोंबिवलीला. मेव्हण्याकडे."

"दोन वळकट्या घेऊन?"

"मुक्काम लांबण्याचा संभव आहे."

ओट्यावरच्या दुसऱ्या वळकटीचे एक टोक दौलतरावांनी एका हाताने वीतभर उचलले, क्षणभर तोलले, आणि खाली ठेवले. तीस वर्षे त्यांनी भाताची पोती अशीच तोलली होती.

"दीड मन," ते म्हणाले. "प्रोफेसर, येवढा कापूस गादीन कोनी भरीत नाय. भरला तं त्यावर कोनी झोपत नाय."

धाकूने सुतळी सोडली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरील तीन खंड ओट्यावर घरंगळले.

"हा साठा," मी शांतपणे म्हणालो, "सर्वस्वी शांततामय संशोधनासाठी आहे."

"पान सत्तेचाळीस," सुमतीबाई म्हणाल्या. मग पदर सावरून त्यांनी विचारले, "आत येऊ ना? कलम तीनप्रमाणे विचारायची गरज नाही. रीत म्हणून विचारते."

मी दार अडवून उभा होतो हे मला तेव्हा कळले. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याच्याविषयीचे ते वाक्य कोणीही उच्चारले नाही. त्यांच्या त्या सभ्यतेबद्दल मी त्यांना अद्याप क्षमा केलेली नाही.

आतून प्रमोदिनी हात पुसत बाहेर आली. "या ना, सुमतीबाई. चहा टाकलाय. माळ्यावर साठेक असतील. काळ्या ट्रंकेत आहेत. खाटेखाली आहेत. देवघराच्या मागे दोन रांगा आहेत, त्या सोवळ्यात येत नाहीत, काढा खुशाल. आणि तांदळाच्या डब्यात काल रात्री कुठली घातली ते मला माहीत नाही, पण भात शाईचा लागला."

"अगं," मी म्हणालो.

"कलम अकरा," ती म्हणाली. "साठ्याच्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस निरीक्षकांशी निर्भयपणे बोलण्याचा हक्क राहील, व त्याबद्दल तिच्यावर रोष धरला जाणार नाही."

"मी रोष धरलेला नाही."

"मग चेहरा असा का केलाय?" ती सुमतीबाईंकडे वळली. "माझंही कार्ड आहे वाचनालयाचं. त्याच्यावरही यांचीच पुस्तकं. सहा वर्षांत घरात एक कादंबरी आली नाही हो. आमच्या लेकीच्या, हेमाच्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसून मी युरोपातल्या तहांवरचं पुस्तक वाचलं. दोनदा. कोणीच तो तह पाळत नाही शेवटी."

यावर दौलतरावांनीही मान खाली घातली.

मोजदाद संध्याकाळपर्यंत चालली. धाकू हातगाडीच्या तीन खेपा घेऊन गेला. माझ्या घरी एकशे त्र्याहत्तर पुस्तके निघाली. महिन्याअखेरीस उर्वरित सर्व ठाण्यातून मिळून एकोणचाळीस आली. एकूण दोनशे बारा. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता. निःशस्त्रीकरणाच्या इतिहासात असा दुसरा दाखला नाही, आणि याचे श्रेय मसुद्याला आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो.

मंडळाची बैठक भरली. अण्णांनी कलम चौदा वाचले : खोटी घोषणा करणाऱ्याचे प्रतिनिधित्व तत्काळ संपेल. त्यांना माझ्याविषयी खरोखर वाईट वाटत होते. "अपील असेलच काही?"

"कलम पंधरा," सुमतीबाई म्हणाल्या.

अण्णांनी पान उलटले. "'अपील नाही, कारण अपिलाच्या मुदतीत साठा हलतो.' हे जरा कडक नाही झालं, प्रोफेसर? अजून टपालात टाकलेलं नाही. तुम्हीच लेखक. दोन शब्द घाला आणि मोकळे व्हा. दिल्लीचं तिकीट तुमचंच."

दोन शब्द मला सुचले होते. खरे तर मी ते खिशात लिहूनच आणले होते.

"विद्वानांच्या बाबतीत अपवाद करता येईल," मी म्हणालो.

दौलतरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मंग रशिया-अमेरिका काय सांगतील, प्रोफेसर? आमी बी विद्वान हाव."

मी खिशातला कागद खिशातच चुरगळला. तीन पिढ्यांची विद्या घराण्यात असून त्या वाक्याचे खंडन मला आजतागायत सुचलेले नाही. मी म्हणालो, "कलम पंधरा आहे तसे राहू द्या." हे मी तत्त्वासाठी केले. आवाज बसला होता तो सर्दीमुळे.

निबंध दिल्लीला गेला. सुमतीबाईंनी त्याला तीन पानांचे परिशिष्ट जोडले : "ठाणे येथील प्रत्यक्ष प्रयोग". माझा उल्लेख त्यात "सभासद क्रमांक ४१" असा आहे. निवड झाली. निवडपत्रात म्हटले होते की, परिशिष्ट अत्यंत मौलिक असून त्याआधीची चौऱ्याऐंशी पृष्ठे प्रस्तावना म्हणून उपयुक्त आहेत. सुमतीबाई दिल्लीला जाऊन बोलून आल्या. ज्यांची मते मी उडवली होती त्या तिघांचे चेहरे कसे झाले होते, असे मी विचारले. "लक्षपूर्वक ऐकत होते," त्या म्हणाल्या. "क्रमांक एक्केचाळीसचं पुढे काय झालं, असं विचारत होते."

प्रतिनिधित्वाबरोबर माझे सभासदत्वही गेले होते; ते सहा महिन्यांनी मला परत मिळाले. आता मी खिडकीपाशी उभा राहतो आणि चिठ्ठी देतो. धाकू चिठ्ठी वाचतो, मला वाचतो, मग पुस्तक देतो.

परिषदेचा छापील वृत्तान्त गेल्या महिन्यात वाचनालयात आला. एकच प्रत आहे. मी ती रीतसर नोंद करून पंधरा दिवसांसाठी घेतली. आज एकोणिसावा दिवस आहे. परिशिष्टाला सविस्तर उत्तर लिहायचे असल्याने प्रत मला आणखी काही काळ लागेल. हेतू अर्थातच शांततामय आहे. ती सध्या तांदळाच्या डब्यात आहे, पण ते केवळ वाळवीच्या भीतीने.

हे वाक्य लिहीत असतानाच ओट्यावर पावले वाजली. झोपाळ्यावर प्रमोदिनी यंदाची अकरावी कादंबरी वाचत बसली आहे. पुस्तकातून डोके वर न काढता ती म्हणाली, "दार उघडंच आहे, सुमतीबाई."