वासुनानांचा तांब्या आणि चार टायर

आमच्या वाडीत गाडीत बसल्यावर न चुकता सीटबेल्ट लावणारं कोणी असेल, तर तो वासुनाना आठल्यांचा पितळी तांब्या. बाकी आम्ही सगळे भाट्याच्या पुलावर पोलीस दिसला की पट्टा छातीवर नुसता धरून बसतो. तांब्याचं तसं नाही. नाना आपल्या पांढऱ्या पिकअपच्या डाव्या सीटवर आधी फडक्याची चुंबळ ठेवणार, चुंबळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवणार, त्याच्या गळ्याभोवती पट्टा आवळणार, आणि मग स्वतः पट्टा न लावता गाडी सुरू करणार.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठे पूजा असेल. दुसऱ्यांदा वाटलं, गाडीचा रेडिएटर गळत असेल. तिसऱ्यांदा मात्र मी गडग्यावरून वाकून विचारलंच.

"नाना, तांब्या कुठे निघालाय?"

"टायर बघायला," नाना म्हणाले आणि गेले.

नाना माझे शेजारी. त्यांच्या अंगणात आणि माझ्या अंगणात एक जांभ्या दगडाचा गडगा आहे, बस. मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करतो. उलटतपासणी हे माझं पोटापाण्याचं साधन. पण नानांसमोर माझी सनद चालत नाही. सत्तरीला टेकलेला सडसडीत माणूस, खाली अर्धी चड्डी, वर इस्त्रीचा शर्ट. कारण काय, तर "लोक तोंड बघतात, गुडघे नाही." आणि वाक्यावाक्याला एक पालुपद: "आमची गोष्टच निराळी!" विहीर गावात सगळ्यांची असते, पण नानांच्या विहिरीच्या पाण्याची गोष्टच निराळी. गेल्या वर्षी त्यांना साधा फ्लू झाला, तर म्हणाले, "फ्लू कसला मेल्या? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला."

देवाशीसुद्धा हाच तोरा. ग्रामदेवतेसमोर सगळं गाव काही ना काही मागत असतं. नाना हात जोडतात, पण मागत नाहीत. "यंदा मोहर बरा आहे. तुडतुडा थोडा दिसतोय. माकडं फार झाली आहेत. बाकी ठीक," असं सांगून वळतात. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "आम्ही देवाकडे मागत नाही रे. आम्ही कळवतो."

तर टायर. नानांची हापूसची बाग वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर आहे. डांबरी रस्ता खालीच संपतो. पुढची घाटी म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर सुटे गोटे आणि पावसाने खणलेले चर. टायर इतके गुळगुळीत झाले होते की दसऱ्याच्या सुमारास पिकअप अर्ध्या घाटीतून मागे घसरत आली आणि एका काजूला टेकून उभी राहिली. नाना उतरले, काजूकडे बघितलं आणि म्हणाले, "झाड आमचं म्हणून धरलंन."

आता दुसरा कोणी असता तर मुकादमांच्या दुकानात सकाळी जाऊन जेवायला घरी आला असता. नानांनी अख्खी थंडी घालवली.

मुकादम हे आमच्याकडचे जुने टायरवाले. त्यांनी नानांना नीट समजावून सांगितलं. साधा रस्त्याचा टायर घेतला तर गाडी लोण्यासारखी चालेल, पण कातळावर घसरेल. मोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर घेतला तर भिंतीवर चढेल, पण हाडं खिळखिळी करील. मधला एक प्रकार असतो, डांबरावरही चालणारा आणि कातळालाही धरणारा, त्याला ऑल-टेरेन म्हणतात. त्यातही पुन्हा कडक आणि नरम आहेत.

"मग एक एक लावून दाखवा," नाना म्हणाले.

"नाना, हे काय चपलांचं दुकान आहे?"

मुकादम ट्रायल देईनात. नाना आंधळेपणाने घेईनात. मग नानांनी आपली पद्धत काढली. ज्याच्या ज्याच्या गाडीला वेगळे टायर दिसतील त्याला रस्त्यात हात करून थांबवायचं आणि म्हणायचं, "एवढा आमचा तांब्या जरा घाटीतून फिरवून आणायचा आहे." डाव्या सीटवर तांब्या. नाना स्वतः मागच्या हौद्यात. लोक कसे तयार होत ते देव जाणे. इस्त्रीच्या शर्टाचा परिणाम असावा.

पहिला मान मिळाला चिरे वाहणाऱ्या पिकअपला. तिला ठोकळ्यांचे टायर. तिचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "नाना, तांब्या घेवन कुटं चाल्लाव?" घाटी चढायच्या आधीच तांब्या निम्मा झाला होता. वर पोहोचेपर्यंत चुंबळ पिळून काढायची वेळ आली. नानांचा निकाल: "टायर कसला, पाटा-वरवंटा आहे." नंतर मिरकरवाड्याहून येणारी मासळीची गाडी. तिचे टायर रस्त्याचे. डांबरावर जेमतेम चार थेंब सांडले, पण घाटीच्या पहिल्याच वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि सगळी वरात उलटी खाली आली. तांब्याला चार दिवस बांगड्याचा वास येत होता. नानांनी तो चिंच लावून स्वतः घासला, हे मी गडग्यावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गावात चर्चा सुरू झाली. नाना सगळ्यांना एकच उत्तर देत. "आंब्याला हिसका बसता कामा नये."

हे मात्र माझ्यातल्या वकिलाला झेपेना. "नाना, आंबा पेंढ्यात भरतात. तांब्यात नव्हे."

"हं."

"आणि आंब्याचे क्रेट मागे हौद्यात असतात. तांब्या पुढे डाव्या सीटवर का?"

"वकिली कोर्टात कर रे."

ही उलटतपासणी चालू होती तेव्हा पडवीत काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे नानांच्या मंडळी. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज दुपारी नानांचं जेवण घेऊन ती घाटी चढत. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. हाच तो तांब्या. बागेतल्या झाडांना नावं त्यांनीच ठेवलेली. एक लाडकी, एक रुसकी, आणि सगळ्यांत जुनं झाड म्हणजे म्हातारी. गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता काठी टेकत पलंगापासून पडवीपर्यंत येतात. डॉक्टरांनी सांगितलंय, गाडीत बसायला हरकत नाही, हिसका मात्र बसता कामा नये.

तेव्हापासून काकू बागेचं नाव काढलं की म्हणत, "मला मेलीला आता काय करायचंय बागेत?" आणि नाना संध्याकाळी खाली आले की रोज विचारत, "अहो, म्हातारीला मोहर आला का?"

"आंब्याला मोहर नाही येणार तर काय फणस येणार?" हे नानांचं उत्तर. जगात सगळ्या विषयांवर तासभर बोलणारा हा माणूस, पण बायकोला मोहर कसा आलाय हे त्याला सांगता येत नसे. प्रयत्न केलेला मी ऐकलाय. "आलाय. बराच आलाय. वरच्या अंगाला जास्त," एवढं बोलून नाना पाय धुवायला जात. काकू मग बराच वेळ सड्याच्या बाजूला बघत राहत. इथून बाग दिसत नाही, मध्ये डोंगराची सोंड येते.

टायरचं गाडं मात्र अडलं होतं. कुठल्याही गाडीत पाणी सांडतच होतं. एका सकाळी नाना अंगणात तांब्या भरत होते आणि त्यांच्या हातूनच पाणी पायावर सांडलं. पडवीतून काकू म्हणाल्या, "अहो, काठोकाठ कोण भरतं? पूजेचा कलशसुद्धा गळ्यापर्यंतच भरतात. असा तांब्या पालखीत बसवलात तरी सांडेल."

 नानांनी वरचं पाणी तुळशीत ओतलं. इतके दिवस त्यांनी तालुक्यातल्या टायरांना नावं ठेवली होती, आणि चूक निघाली भरणाऱ्याची.

त्याच आठवड्यात भाट्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका जोडप्याची उंच गाडी उभी होती, टायर मधल्या प्रकारचे. नाना टायरसमोर उकिडवे बसले. कडेला अंगठा दाबून पाहिला. वासही घेतला. गाडीवाला घाबरून धावत आला. नानांनी त्याला शहाळं पाजलं, तांब्याची ओळख करून दिली आणि घाटीत नेलं. गाडी न घसरता सड्यावर पोहोचली. पाणी तांब्यात हललं, पण बाहेर आलं नाही. "पुण्याचा असूनही माणूस सज्जन निघाला," हे नानांनी दिलेलं प्रशस्तिपत्र त्या गृहस्थापर्यंत पोहोचलं नाही म्हणून बरं.

मग नाना मला घेऊन मुकादमांकडे गेले. "मधला प्रकार. त्यातला नरम."

मुकादमांनी कपाळाला हात लावला. "नाना, टायर घेताय का सोयरीक जमवताय? नरम टायर ओझं कमी घेतो. तुमचा आंब्याचा सीझन तोंडावर. क्रेट लादाल तर बसेल तो. तुम्हाला कडकच पाहिजे."

"मला ओझ्याचा टायर नको."

"मग आंबा कसा उतरवणार?"

"फेऱ्या जास्त मारीन. आंबा काय, थांबतो."

ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या आंब्यापुढे कोणाला उभं केलं नाही, तो म्हणत होता, आंबा थांबतो. मला सगळं एकदम उमगलं. मुकादमांनीही नानांच्या तोंडाकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "रिकामी गाडी नेताना घाटीच्या तळाशी थोडी हवा सोडा. टायर पसरतो, दगडाला धरून चालतो. खाली आलात की परत भरा." आणि एक पायपंप त्यांनी स्वतःहून गाडीत टाकला.

टायर बसवल्यावर नानांनी तीन दिवस तांब्या वर-खाली केला. चौथ्या दिवशी सकाळी मला हाक आली. "वकील, चल. आणि एक प्लास्टिकची खुर्ची घे."

अंगणात गाडी उभी होती. डाव्या सीटवर काकू. पाठीला उशी, अंगावर ठेवणीतलं लुगडं, त्यावर पट्टा. तांब्या त्यांच्या मांडीवर. मी खुर्ची घेऊन हौद्यात चढलो.

घाटीच्या तळाशी नाना उतरले, चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. फुस्स आवाज कान देऊन ऐकत होते, डॉक्टर छाती तपासतात तसे. वाटेच्या कडेला शेंदूर लावलेला दगड आहे, तो आमच्या सड्याचा राखणदार. नानांनी त्याच्यापुढे नारळ ठेवला, विडा ठेवला. आता कळवतील म्हणून मी हौद्यात टेकून उभा राहिलो.

"बा राखणदारा, महाराजा!" नानांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "आजवर तुला कळवत आलो. मोहराचं कळवलं, तुडतुड्याचं कळवलं, माकडांचं कळवलं. आज कळवायला नाही आलो, महाराजा. आज मागायला आलोय. गाडीत बसली आहे तिला तू ओळखतोस. जन्मभर ही तुझ्यापुढून चालत गेली, आज चाकांवर चालली आहे. टायर मी बघून घेतलेत. बाकीचं तू बघ. वाटेत..." इथे खडा आवाज फुटला. "वाटेत तिला हिसका बसू देऊ नको, महाराजा!"

"होय महाराजा!" मी म्हणालो.  खिडकीतून काकूंनीही "होय महाराजा" म्हटलं, अगदी हळू.

नारळ वाढवला आणि आम्ही निघालो. इतक्या हळू गाडी चालवलेली मी पाहिलेली नाही. एक भेकर वाट ओलांडताना मध्येच थांबून आमच्याकडे बघत उभं राहिलं, इतकी त्याला सवड होती. दर गोट्याला नाना विचारत, "लागलं?" आणि आतून काकूंचा आवाज येई, "नाही हो." वरच्या वळणाला गाडी कातळावर आली, समोर समुद्र उघडा झाला आणि मोहराचा वास आला.

म्हातारीखाली आम्ही खुर्ची मांडली. काकू बसल्या. वर बघितलं. झाड फांदीफांदीवर फुललं होतं. "वरच्या अंगाला जास्त आहे, खरंच," त्या म्हणाल्या. मग मांडीवरच्या तांब्याकडे बघितलं. पाणी गळ्यापर्यंत जसंच्या तसं.

"थंडीभर माझा तांब्या गावभर हिंडवलात," काकू म्हणाल्या. "मला काय, कळलं नाही वाटतं?"

  नाना उठून गाडीपाशी गेले आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने पुढच्या टायरवरची तांबडी माती पुसायला लागले. काकूंनी तांब्या म्हातारीच्या मुळाशी रिकामा केला.

"अहो, परत कधी यायचं?"

"बघू," नाना टायर पुसत म्हणाले. "टायर झिजतात."

आता टायर रोज झिजतात. सकाळी मी पडवीत चहा घेत असतो तेव्हा नानांची पिकअप माझ्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, येऊन थांबते आणि हॉर्न वाजतो. काम काही नसतं. डाव्या सीटवर काकू बसलेल्या असतात, पट्टा लावून. नाना माझ्याकडे बघतही नाहीत, मान ताठ, नजर रस्त्यावर. पण मी उठून गडग्यापाशी येतो, काकूंना नीट बघतो, हात करतो, तोवर ती गाडी हलत नाही.